‘मशीन फिरतंय, पण मारत न्हाई’: एका जुन्या ब्रेकरचं प्रकरण

कोल्हापुरात एका जुन्या बैठ्या घराच्या अंगणात ड्रेनेजची नवी लाईन टाकायची होती. अंगणात पाच-सहा इंचांचं काँक्रीट, खाली मुरूम. पाऊस तोंडावर आलेला. काम घेतलेल्या मिस्त्रींनी आपला काँक्रीट फोडायचा जुना इलेक्ट्रिक ब्रेकर काढला. मशीन घुमायचं, हादरायचं, पण काँक्रीटवर नुसते पांढरे ठिपके उठायचे. शेवटी त्यांनी ते शिवाजी उद्यमनगरात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आणून ठेवलं आणि निदानही स्वतःच सांगितलं, “मशीन फिरतंय, पण मारत न्हाई. कार्बन बदला आणि द्या. उद्याला पायजे.”

मशीन पंधरा-सोळा किलोचं, ३० मिमी षटकोनी शँकची (मशीनमध्ये बसणाऱ्या टोकाची) छिन्नी घेणारं. सेकंडहँड घेतलेलं, मधे दोन-तीन हातांतून गेलेलं. नेमप्लेटवर २२० व्होल्ट आणि १५०० वॅट एवढंच वाचता येत होतं. बॉडी धातूची. चौकोनात चौकोन हे डबल इन्सुलेशनचं चिन्ह प्लेटवर कुठेच नव्हतं. म्हणजे या मशीनला अर्थिंग लागतंच. पण केबल दोन तारांची होती आणि टोकाला टू-पिन. हँडलच्या आत अर्थिंगचा स्क्रू होता. त्याला काही जोडलेलं नव्हतं आणि त्याच्यावर गंज चढलेला.

मी विचारलं, “मामा, शॉक बसतो का?”

“शॉक न्हाई ओ. जरा झिणझिणतंय. पायात चप्पल असली की काय न्हाई. चालतंय की.”

या वाक्यानंतर माझ्यासाठी ‘मारत न्हाई’ ही तक्रार दुसऱ्या नंबरवर गेली.

झिणझिण म्हणजे किती?

मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचा मीटर, लावला. अशा मशीनवर मेगर लावताना एक गोष्ट हमखास राहून जाते: मशीनचा स्विच दाबलेला ठेवावा लागतो. तो बंद असेल तर आपण फक्त केबल तपासतो. फील्ड (मोटारीचं स्थिर वाइंडिंग), आर्मेचर (फिरणारं वाइंडिंग), कार्बनचे (आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या ठोकळ्यांचे) होल्डर सगळे बाहेरच राहतात आणि आकडा छान येतो. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र बांधल्या, दुसरं टोक बॉडीला, ५०० व्होल्ट. काटा ०.३ मेगओहमवर थांबला. धातूच्या बॉडीच्या हत्याराला किमान १ मेगओहम तरी हवा, आणि चांगलं मशीन त्याच्या कितीतरी वर असतं.

२३० व्होल्टला ०.३ मेगओहमने भागलं की पाऊण मिलिअँपिअर येतो. माणसाला करंट जाणवायला लागतो तो अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास. मामांच्या झिणझिणीचा हिशोब इथे अगदी जुळला. आता हेच मशीन ओल्या अंगणात, घामाच्या हातांत धरा. आत ओल शिरून ०.३ मेगओहमचे २० किलोओहम झाले, तर करंट जातो ११-१२ मिलिअँपिअरवर. १० च्या पुढे बोटं आखडतात, धरलेली वस्तू सोडता येत नाही. हातातलं हँडल सुटत नाही आणि स्विच त्याच हँडलवर, दाबलेला. चप्पल असली की काही नाही, हे पहिला पाऊस पडेपर्यंत खरं.

गळती कुठून होतेय ते उघडल्यावर दिसलं. उघडण्याआधी प्लगची पिन काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवली. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलंय, एवढ्यावर मी मशीन उघडत नाही. कुणीतरी येऊन पंखा समजून तेच बटण दाबतं.

कार्बनबद्दल मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. कुणीतरी मोठ्या मोटारीचे कार्बन कानशीने घासून या होल्डरमध्ये बसवले होते. एका बाजूचा कार्बन अडकून बसलेला, त्याची स्प्रिंग तापून मेलेली. तो कॉम्युटेटरवर (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर) धड टेकत नव्हता, म्हणून ठिणग्या. ठिणग्यांमुळे कार्बन आणखी झिजलेला. त्या झिजेची काळी पूड होल्डरच्या इन्सुलेशनवर आणि बॉडीच्या आतून थरावर थर बसली होती. कार्बन वीज वाहून नेतो, त्याची पूडही नेते. होल्डरपासून बॉडीपर्यंत तिनेच वाट तयार केली होती. म्हणजे ठिणगी आणि झिणझिण या एकाच दोषाच्या दोन बाजू निघाल्या.

अशा बऱ्याच मशीनच्या मूळ कार्बनमध्ये आत एक छोटी स्प्रिंगवाली टोपी असते. कार्बन ठराविक मापापर्यंत झिजला की ती कॉम्युटेटरपासून संपर्क तोडते आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. साइटवर याचा फार वैताग होतो, पण सोय तीच आहे. घासून बसवलेला कार्बन शेवटपर्यंत चालतो आणि जाताना स्प्रिंगने कॉम्युटेटर ओरखडतो.

कॉम्युटेटर काळा पडलेला होता, पण पट्ट्या जागेवर होत्या. ग्रोलरवर (आर्मेचरमधला शॉर्ट शोधायच्या यंत्रावर) शॉर्ट निघाला नाही, पट्टी ते पट्टी रीडिंग सारखी आली. आर्मेचर गेलेलं असतं तर मी मशीन भंगारात घालायला सांगितलं असतं. या वयाच्या मशीनवर तेवढा पैसा घालण्यात अर्थ नाही. शेजारच्या लेथवर कॉम्युटेटरवरून हलका हात फिरवून घेतला, पट्ट्यांमधला अभ्रक हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने खाली घेतला आणि शेवटी काचपेपर मारला. इथे एमरी चालत नाही, तिचे कण पट्ट्यांच्या फटीत अडकतात. मग मापाचे कार्बन, नव्या स्प्रिंगा. पूड ब्रशने आणि व्हॅक्युमने काढली. कॉम्प्रेसरची हवा मारली असती तर तीच पूड वाइंडिंगमध्ये खोल गेली असती. दिव्याखाली मशीन रात्रभर सुकवलं. सकाळी मेगरने ४० मेगओहमच्या वर दाखवलं.

केबल नवी, तीन तारांची, १.५ चौरस मिमी, रबराची. अर्थिंगची हिरवी तार बॉडीच्या स्क्रूला, गंज घासून, दातेरी वॉशर घालून. कंटिन्युइटी, म्हणजे तार सलग आहे का, हे बघताना केबल दोन्ही टोकांना हलवून बघितली, कारण एकाच तंतूवर टिकलेली तारही मल्टिमीटरला पूर्ण वाटते.

मग मारत का नव्हतं

यासाठी आतली रचना थोडी सांगायला हवी. मोटार गिअरमधून क्रँक फिरवते, क्रँक पिस्टनला मागेपुढे करतो. पण पिस्टन छिन्नीवर आदळत नाही. पिस्टन आणि स्ट्रायकर (पुढे मार देणारा सुटा दंडगोल) यांच्यामध्ये हवा कोंडलेली असते. ती दाबली जाते, ताणली जाते आणि स्ट्रायकर तिच्यामागे पळतो. तो सेकंड हॅमरवर बसतो आणि सेकंड हॅमर छिन्नीच्या माथ्यावर. मशीन उचललेलं असताना छिन्नी खाली लोंबते, तिच्यामागे सेकंड हॅमर आणि स्ट्रायकर खाली येतात, सिलिंडरची भोकं उघडी पडतात आणि हवा कोंडतच नाही. मोटार फिरते, मार बसत नाही. छिन्नी जमिनीवर टेकवली की ती आत सरकते, या दोघांना वर ढकलते, भोकं झाकली जातात आणि मार सुरू होतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे, नाहीतर हवेत धरलेलं मशीन स्वतःलाच फोडून घेईल.

तेव्हा ‘फिरतंय पण मारत नाही’ याचे अर्थ दोन. एक तर हवा गळतेय, नाहीतर छिन्नी आतल्या भागांना पुरेसं वर ढकलत नाहीय. इथे दोन्ही होतं.

हवेचं कारण सोपं. स्ट्रायकर आणि पिस्टनवरच्या ओ-रिंगा घासून चपट्या झालेल्या, सायकलच्या पंपाचा वायसर गेल्यावर होतं तसंच. ग्रीस डांबरासारखं घट्ट झालेलं आणि त्यात सिमेंटची धूळ मिसळलेली. ते सगळं केरोसीनने धुतलं, पुसून कोरडं केलं, मापाच्या ओ-रिंगा बसवल्या. आर्मेचरचं खालचं बेअरिंग हाताने फिरवताना खरखरत होतं, तेही बदललं. ग्रीस भरताना हात सैल सोडून चालत नाही. सिलिंडरमध्ये ग्रीस कोंबलं की हवेच्या जागी ग्रीस बसतं आणि नवीन ओ-रिंगा असूनही मार येत नाही. गाडीच्या चेसिसचं ग्रीस तर नकोच. तापल्यावर ते पातळ होऊन मशीनच्या नाकातून, म्हणजे छिन्नी बसते त्या पुढच्या भागातून, गळतं. या मशीनसाठी मिळणारं ग्रीस, ठरलेल्या ग्रॅममध्ये, बास.

छिन्नीचं कारण जास्त मजेशीर होतं. मामांच्या छिन्नीचा वरचा माथा मार खाऊन फुलला होता आणि फुललेला भाग सिलिंडरच्या भोकात अडकायला लागला, म्हणून लोहाराकडून घासून घेतलेला. एकदा नाही, बऱ्याचदा. नवीन छिन्नी शेजारी ठेवून बघितली तर पिनच्या खाचेपासून माथ्यापर्यंतचं अंतर ६-७ मिमीने कमी. छिन्नी टेकवली की माथा सेकंड हॅमरला पूर्ण वर ढकलायच्या आतच खाचेचं टोक रिटेनर पिनवर (छिन्नी आत धरून ठेवणाऱ्या पिनवर) जाऊन बसत होतं. मशीन अर्धवट मोकळ्या चालीत चालत होतं, आणि जो काही मार निघत होता त्यातला बराचसा पिन खात होती. पिन वाकलेलीच होती. ती तुटली असती तर छिन्नी सुटून कुणाच्या पायावर गेली असती.

छिन्नीचं टोक लोहाराकडून पाणी देऊन घेणं ठीक आहे, सगळेच घेतात. माथ्याला मात्र हात लावायचा नाही. माथा फुलला तर छिन्नी गेली असं समजायचं. मामांना हे पटायला वेळ लागला, कारण खालून अजून चांगली फूटभर छिन्नी शिल्लक दिसत होती.

जोडल्यावर आधी २०० वॅटचा दिवा सिरीजमध्ये घेऊन वीज दिली. दिवा लखलखला असता तर आत कुठेतरी शॉर्ट. तो मंद पेटला, मशीन हळू फिरलं. मग थेट पुरवठा, आणि जुन्या टायरवर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर मार बघितला. चांगला बसत होता.

अंगणातला बोर्ड

इथेच बिल करून मशीन देता आलं असतं. पण तीन तारांची केबल लावून दिली आणि अंगणातल्या सॉकेटमध्ये अर्थिंगच नसेल, तर त्या हिरव्या तारेचा उपयोग शून्य. म्हणून जाऊन बघितलं.

वायरमन लोकांची जुनी पद्धत म्हणजे टेस्ट लॅम्प. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लावायचा, मग फेज आणि अर्थमध्ये. दोन्हीकडे सारखाच पेटला तर अर्थिंग चांगलं. (अर्थिंग कुठेतरी तुटलेलं असेल तर या पद्धतीत घरातल्या बाकी उपकरणांच्या बॉडीवर फेज येऊ शकतो, त्यामुळे हे ज्याचं काम त्यानेच करावं.) इथे दिवा दोन्हीकडे झकास पेटला, जरा जास्तच झकास. जुन्या घराच्या अंगणातलं अर्थिंग न्यूट्रलइतकं चांगलं असणं हेच संशयास्पद. मेन स्विच दोन्ही पोलने बंद करून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला तर शून्य ओहम. बोर्ड उघडला. अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलपर्यंत वायरचा एक तुकडा, लूप मारलेला.

घरमालकीण काकूंनी बाकीची गोष्ट सांगितली. घराचं अर्थिंग पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेलं होतं. काही वर्षांपूर्वी नळ प्लॅस्टिकचे झाले आणि अर्थिंग पाइपासोबत भंगारात गेलं. मग फ्रिजला हात लावला की चटका बसायला लागला. कुणीतरी येऊन ‘अर्थिंग करून’ गेला आणि चटका थांबला.

हा लूप सगळ्या प्रकरणातला सर्वांत वाईट भाग होता, ब्रेकरच्या काळ्या पुडीपेक्षाही. मीटरकडून येणारी न्यूट्रल कुठे सैल झाली किंवा तुटली, तर घरात चालू असलेल्या बल्बा-पंख्यांमधून फेज न्यूट्रलवर येतो, लूपमधून अर्थच्या पिनेवर, आणि तिथून नव्या हिरव्या तारेने थेट ब्रेकरच्या बॉडीवर. मशीन बंद असलं तरी. आपण साइटवर नेतो त्या पेटीतली आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) यात काही करू शकत नाही. ती फेज आणि न्यूट्रलमधला फरक मोजते आणि तोडतेही त्या दोनच तारा. हा करंट अर्थच्या तारेतून येतो, तिला तो दिसतच नाही. अशा बोर्डावर तीन तारांचं नीट केलेलं मशीन दोन तारांच्या मशीनपेक्षा जास्त धोक्याचं ठरतं.

लूप काढला. परवानाधारक वायरमनकडून अंगणाच्या कोपऱ्यात नवीन अर्थिंग करून घेतलं. रीडिंग १८ ओहम आलं. ऐकायला बरं वाटतं, पण फेज बॉडीला लागला तर २३० भागिले १८, म्हणजे जेमतेम १३ अँपिअर, आणि १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंटवर पडणारा स्विच) एवढ्यावर पडत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मेनपाशी बसवली. काकू खर्चावर नाराज होत्या. फ्रिजचा चटका परत आला तर बोलवा, असं सांगितलं. तो आला नाही, पण पहिल्याच दिवशी जुन्या गिझरने आरसीसीबी पाडली. गिझरचं एलिमेंट गळत होतं.

एक्स्टेंशन बोर्डाचीही गोष्ट होती. मामांकडे ३० मीटर वायर, ०.७५ चौरस मिमीची, ड्रमवर गुंडाळलेली. जायच्या-यायच्या मिळून ६० मीटर, रेझिस्टन्स दीड ओहमच्या वर. सातेक अँपिअरला १०-११ व्होल्ट तिथेच जातात. दुपारी मीटरपाशीच २१२ होते, म्हणजे मशीनला मिळत होते २०० च्या आसपास. वर त्या वायरमध्ये सत्तरेक वॅट उष्णता होत होती, तीही गुंडाळलेल्या ड्रममध्ये. इन्सुलेशन हाताला मऊ लागत होतं. २.५ चौरस मिमीची वायर घेतली की हाच तोटा साडेतीन व्होल्टच्या आत येतो. ड्रम पूर्ण उलगडून वापरायचा. जोड जमिनीवर ठेवायचा नाही, विटेवर किंवा खुंटीला टांगून.

काम

अंगणातून बोअरच्या मोटारीची वायर आणि टाकीची पाइपलाइन जाते, हे काकूंना माहीत होतं. मामांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. दोन्हींच्या रेषा खडूने आखल्या, मोटारीचं कनेक्शन काढून ठेवलं, आणि त्या पट्ट्यात ब्रेकर न लावता हातछिन्नी.

मशीनवरचा पोरगा पोट टेकवून सगळं अंग मशीनवर टाकायचा. मार नसलेल्या मशीनने लावलेली ही सवय. मशीन नीट झाल्यावर तिची गरज नाही. मशीनचं स्वतःचं वजन पुरतं, हातांनी फक्त दिशा द्यायची. जास्त दाबलं की मार वाढत नाही, हादरा तेवढा मनगटात येतो. या हादऱ्याचा युरोपात रोजचा हिशोब ठेवतात: आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इथे काळजी सुरू, ५ ही कमाल मर्यादा. हँडलला कसलीही स्प्रिंग नसलेल्या जुन्या मशीनवर १५ धरले, तर पहिली रेषा तेरा मिनिटांत ओलांडली जाते आणि कमाल मर्यादा त्रेपन्न मिनिटांत. मधली विश्रांती यात धरलेली नाही, ट्रिगर दाबलेला वेळ तेवढाच. पोरग्याची बोटं संध्याकाळी बधिर व्हायची हे त्याने विचारल्यावर सांगितलं, आपण होऊन नाही. दोघांनी आलटून पालटून मशीन धरायचं ठरलं.

फोडायची पद्धतही बदलली. मधोमध छिन्नी रोवून भोक पाडत बसण्याऐवजी आधी एका कडेला खड्डा मोकळा केला आणि मग त्या मोकळ्या कडेपासून चार-पाच इंच आत टोक लावून, मशीन किंचित कडेकडे झुकवून. काँक्रीटला सरकायला जागा मिळाली की ढलपे निघतात. वीस-तीस सेकंदांत तडा गेला नाही तर जागा बदलायची, नाहीतर छिन्नी रुतते आणि मग मशीनचीच पहार करून ती उपटायचा मोह होतो. पिन आणि नाक त्यातच जातं.

धूळ हा वेगळा विषय. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, तिचे बारीक कण फुप्फुसात बसले की निघत नाहीत, आणि सिलिकोसिसवर औषध नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे कण सहज जातात, एन-९५ लागतो. धूळ बसवायला पाणी हवं, पण मशीनवर पाणी नको. काम सुरू करण्याआधी काँक्रीट भिजवून घेतलं, साचलेलं पाणी झाडून टाकलं, मधून मधून मशीन बंद करून, प्लगची पिन काढून, परत शिंपडलं. गमबूट, गॉगल, कानात प्लग. पोरगा चपलेवर आला होता; त्याच्या मापाचे बूट येईपर्यंत त्याला मलबा उचलायला लावलं.

लाईनचा चर ठरलेल्या वेळेत निघाला. मग मामांनी मशीन खांद्यावर घेतलं आणि जिन्याकडे निघाले. गच्चीवरचा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा गळत होता, तोही याच मशीनने काढायचा विचार. तिथे अडवलं. गच्चीचा स्लॅब चार-पाच इंचांचा, सळीखाली पंधरा-वीस मिमी कव्हर. वरून या मशीनचा मार बसला की खालचं प्लास्टर आणि कव्हर सुटतं, आणि जुन्या स्लॅबला पडलेले तडे वॉटरप्रूफिंगखाली झाकले जातात, भरले जात नाहीत. कोबा काढायला पाच किलोचं हलकं मशीन, छिन्नी आडवी धरून, आणि स्लॅबजवळचा शेवटचा थर हातोडी-छिन्नीने. मलबा गच्चीवर ढीग न करता रोजचा रोज खाली. मामांनी हलकं मशीन भाड्याने आणलं.

जुन्या ब्रेकरचं एक काम राहिलंच आहे. पुढच्या नाकातलं षटकोनी भोक झिजलंय, नवी छिन्नीसुद्धा त्यात खुळखुळते. त्याने माथा लवकर फुलेल. नाक बदलायला हवं, सध्या मिळत नाहीय. तोवर छिन्नीच्या माथ्यावर खुणेची रेघ मारून दिलीय: कडा रेघेबाहेर फुलली की छिन्नी बदलायची. आणि महिन्यातून एकदा मशीन मेगरला आणायचं, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी.